नवीन हेडमास्तर मॅडम आल्यात, आता गावाचं काम सुरू होते

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला यंदा हेडमास्तर मिळाल्या. पूर्णवेळच्या, पदोन्नती होऊन आलेल्या. इतकी वर्षं प्रभारीवरच गाडं चालू होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, प्रभारी म्हणजे शाळेतल्याच एका शिक्षकाकडे हेडमास्तरचा चार्ज असतो न त्याचा स्वतःचा वर्गही त्याच्याकडेच असतो. आमच्याकडे चौथीच्या सरांकडे होता. सर माणूस म्हणून सोन्यासारखे, पण पंचायत समितीत मीटिंग निघाली की सर तिकडे, पोषण आहाराचा तांदूळ आला की सर पोत्यापाशी, ऑनलाइन माहिती भरायची शेवटची तारीख आली की सर मोबाइल घेऊन रेंज शोधत देवळाच्या ओट्यावर, न चौथीची लेकरं पाटीवर शुद्धलेखन करत बसलेली. सरांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. चार्ज सोडला त्या दिवशी ते सरळ चौथीच्या वर्गात गेले न दुपारपर्यंत बाहेरच आले नाहीत, गणित शिकवत होते, व्हरांड्यापर्यंत आवाज येत होता. सर, तुमचे उपकार गावानं विसरू नयेत म्हणून हे पहिले लिहिलं.

आता नवीन मॅडमबद्दल. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, पोरगी तिसरीत, पोरगं यंदा पहिलीत गेलं, त्यामुळं शाळेत जाणं-येणं असतेच. मॅडम पुसदकडच्या आहेत, नोकरीची बरीच वर्षं सहायक शिक्षिका म्हणून खेड्यापाड्यातच गेली, जागा निवडायच्या समुपदेशनाला रिकाम्या जागांची यादी समोर आली तेव्हा त्यांनी आमचं गाव निवडलं. काहून निवडलं ते मी विचारलं नाही, विचारायची गरजही वाटली नाही.

आमच्या इकडे शाळा उशिरा उघडते. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्याला घंटा वाजते, विदर्भात ऊनच इतकं असते की जूनचा शेवटचा आठवडा येते. न नेमका तोच पेरणीचा टाइम. पाणी पडलं की घरचं बाईमाणूस सगळं सरकी, म्हणजे कापसाचं बी, टोबायला शेतात, त्यामुळं शाळेच्या पहिल्या दिवशी पालक गोळा करायचे म्हणजे लय कठीण काम. तरी यंदा बरीच माणसं आली. बैलजोडी सजवली, गाडीला आंब्याच्या पानांचं तोरण, पहिलीतली पोरं गाडीत बसवून गावातून फिरवली, दारोदारच्या बायांनी औक्षण केलं, माझं पोरगं गाडीतून उतरायलाच तयार नव्हतं. शाळेत आल्यावर पुस्तकं वाटली, मग मॅडमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग भाषणं. भाषणं लांबली. ढग भरून आलेले, वाऱ्याचा पत्ता नाही, लेकरं घामानं निथळत बसलेली. शेवटी मॅडमला बोलायला उभं केलं त त्यांनी हातातला हार काढून टेबलावर ठेवला न एवढंच विचारलं, "पटावर जेवढी नावं आहेत तेवढी मुलं इथं दिसत नाहीत. बाकीची कुठं आहेत?"

कोणी काही बोललं नाही. मग मागून आमच्या शेजारची आजी बोलली, "तांड्यावरचे अजून आलेच नाई न जी मॅडम. पेरनी चालू हाय, लहान्याले सांभाळाले मोठ्याले ठेवते घरी. अन् पोडावरच्याईले कोनी सांगतलंच नसन शाळा उघडली म्हनून."

तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती न पोड म्हणजे कोलामांची. मॅडमनी आजीला पुढे बोलावलं, खुर्ची दिली न तिला अजून विचारत बसल्या. कार्यक्रम तिथंच संपला. मला त्या घडीला वाटलं की ह्या बाईला आपण शाल दिली ते ठीक आहे, पण खरं स्वागत त आजीनं केलं. मॅडमला जे पाहिजे होतं ते आजीनं दिलं, गावाची माहिती.

त्या दिवसापासून माझ्या मनात हेच घोळत आहे न तेच मला इथं सांगायचं आहे. नवीन हेडमास्तर आल्यावर गावानं काय द्यावं? आम्ही काय दिलं ते पहा. पहिल्याच आठवड्यात मॅडमच्या टेबलावर तक्रारींचा ढीग. वॉल कंपाऊंड पडलं आहे, पंखे बंद आहेत, मैदानाच्या कोपऱ्यात कोणाचं कुटार, म्हणजे गुरांसाठीचा भुसा, पडलं असते, मागच्या वेळी समितीत अमक्याला घेतलं न तमक्याला नाही घेतलं. सगळं खरं आहे, पण ह्यातलं अर्धं भांडण मॅडम ह्या गावात यायच्या आधीचं आहे न त्यात त्यांना ओढायचं काही कारण नाही. न मग तो नेहमीचा प्रश्न, "मॅडम गावात राहतीन का अपडाऊन करतीन?" मॅडम तालुक्यावरून स्कुटीनं येतात. आमचा रस्ता पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होते, तरी परिपाठाच्या आधी मॅडम शाळेत हजर असतात. गावात भाड्यानं द्यायला संडास-बाथरूमची, नळाच्या पाण्याची एक तरी खोली आहे का? मी शोधून पाहिली, नाही. आधी खोली तयार करू, मग मॅडमला विचारू. माझं हे म्हणणं समितीच्या मीटिंगमध्ये काही लोकांना आवडलं नाही, पण मी परत तेच म्हणते.

मॅडमच्या डोक्यावर काय काय आहे हे मी चार्ज देताना पाहिलं. मला वाटायचं चार्ज म्हणजे चाव्यांचा जुडगा हातात दिला न झालं. पण यादीच इतकी मोठी. डेडस्टॉकमधली खुर्ची-टेबल एकेक मोजायची, कॅशबुक, तांदळाचा साठा पोत्यासकट मोजायचा, हजेरीपत्रकं, बँकेत सही बदलायची कारण समितीचं खातं अध्यक्ष न हेडमास्तर दोघांच्या सहीनं चालते, मग शाळेच्या माहितीचं यूडायस, पगाराचं शालार्थ, अजून कोणकोणती पोर्टलं, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. न सगळ्यात शेवटी सरांनी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून लाल कापडात बांधलेलं जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं.

ते रजिस्टर मी पहिल्यांदाच उघडलेलं पाहिलं. कागद पिवळा पडून कडेनं भुगा होऊन राहिला, काही पानांना उधई लागून गेलेली, मधे मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला घातलेला. शाई काळी होती ती आता तपकिरी झाली. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख न कारण. कारणाच्या रकान्यात पानामागून पान एकच, "गैरहजर". मॅडम बोट ठेवून हळूहळू वाचत होत्या. एका पानावर माझ्या आजसासऱ्याचं नाव निघालं, दुसरीतून नाव कमी केलेलं, कारण तेच. घरात सगळे म्हणायचे ते कधी शाळेतच गेले नव्हते, पण ते गेले होते. मी काही बोलले नाही, फोटोही काढला नाही, पण ती ओळ अजून डोळ्यापुढे आहे.

ह्या रजिस्टरची किंमत गावात सगळ्यांना माहीत आहे. जातीच्या दाखल्याला, पडताळणीला जुना पुरावा लागते. विमुक्त जाती-भटक्या जमातीला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. तांड्यावरच्या किती पोरांचं कॉलेजचं ॲडमिशन ह्या फाटक्या रजिस्टरातल्या एका ओळीवर अडून असते. नोंद काढून देणारा माणूस हेडमास्तर. प्रभारी सर वर्ग सोडून तीन-तीन तास ती नोंद शोधत बसायचे. मॅडमनी पहिल्या महिन्यातच सांगितलं की उताऱ्याचा अर्ज शनिवारी घेऊन या, शाळा सुटल्यावर मी बसते, बाकीचे दिवस वर्ग चालू असताना कोणी येऊ नका. एका-दोघांनी कुरकुर केली. मी म्हणते बरोबर केलं. सोबतच त्यांनी रजिस्टरच्या पानापानाचा स्कॅन करून घ्यायचं ठरवलं आहे, गावातला एक पोरगा सेतू केंद्र चालवते तो फुकट करून द्यायला तयार झाला. स्वागत असंच असते, पोराला त शालीचा खर्चही नाही आला.

आता नकाशाची गोष्ट सांगते. माता पालक गटाची मीटिंग होती, मॅडमनी दुपारी न ठेवता संध्याकाळी ठेवली कारण दुपारी आम्ही सगळ्या शेतात. सातच्या सुमारास शाळेच्या व्हरांड्यात बसलो, लाइट गेलेली, मोबाइलचे टॉर्च लावून. मॅडम म्हणाल्या, मला अजून गाव माहीत नाही, तुम्ही सांगा, कोणती मुलं कोणत्या वाटेनं येतात. सुरुवातीला सगळ्या लाजल्या. मग एकीनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं टाकलं, त्यावर स्केचपेननं मधे शाळा काढली, न मग जी सुरू झालो. इकडं तांडा, इकडं पोड, मधे नाला. नाल्याला ऑगस्टमध्ये पूर येते तेव्हा पोडावरची पोरं दोन-दोन दिवस येऊच शकत नाहीत, न हजेरीपत्रकात नुसती गैरहजेरी पडते. ह्या घरची पोरगी आजीजवळ राहते, मायबाप पुण्याकडे कंपनीत. ह्या घरचा पोरगा कानानं कमी ऐकते, मागं बसवला की त्याला काहीच समजत नाही न सगळ्यांना वाटते ढ आहे. ही दोन घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. इथं दारूचं दुकान आहे, पोरी त्या बाजूनं यायला भेतात म्हणून लांबून फिरून येतात न उशीर होते न मग शिक्षा. हे शेवटचं बोलताना त्या पोरीची माय रडायला लागली, तिनं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

मॅडम लिहून घेत होत्या. पान भरलं तेव्हा त्यांनी ते घडी घालून हजेरीपत्रकात ठेवलं न दुसऱ्या दिवशी कानानं कमी ऐकणारा पोरगा पहिल्या बाकावर बसलेला दिसला. बस, एवढं साधं काम. पण ते आधी होऊ शकलं नाही कारण कोणी विचारलं नव्हतं न आम्हीही सांगितलं नव्हतं.

ऊसतोडीचं मात्र मॅडमला जूनमध्येच कळलं ते फार चांगलं झालं. स्थलांतर करणाऱ्यांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, मायबाप गेले तरी पोरगं गावातच राहून शिकू शकते, पण त्यासाठी कोण जाणार न कोण मागं राहणार ह्याची यादी आधी करावी लागते, प्रस्ताव पाठवावा लागते. ट्रक गावात येऊन उभा राहिल्यावर यादी करून काय फायदा. न नुसती ऊसतोडच नाही, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की पाचवीतल्या पोरीसुद्धा मायच्या मागे ओटी बांधून वेचायला जातात. किलोवर मजुरी असते, चार किलो जास्त वेचला त तेवढेच पैसे. मी त्या मायला दोष देणार नाही, मी स्वतः लहानपणी वेचला आहे. पण त्या एक-दीड महिन्यात पोरीचं जे सुटते ते परत भरून निघत नाही, हेही मी पाहिलं आहे. मॅडम म्हणाल्या वेचणीच्या दिवसात सकाळी लवकर येऊन अशा पोरींचा तास घेता येईल का ते पाहू. होईल का नाही माहीत नाही, पण विचार त सुरू झाला.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. आमच्या शाळेत येणाऱ्या लेकरांच्या घरी एक भाषा नाही. तांड्यावर गोरमाटी, पोडावर कोलामी, गावात आमची वऱ्हाडी, न पुस्तकात चौथीच भाषा, मराठी. पहिलीतलं तांड्यावरचं लेकरू पहिल्या दिवशी रडताना "याडी, याडी" करत होतं, नवीन शिक्षिकेला कळेना काय पाहिजे, त्याला माय पाहिजे होती. मॅडमनी पाचवीतल्या तांड्यावरच्या एका पोरीला पहिलीच्या वर्गात रोज थोडा वेळ बसायला सांगितलं, ती लेकरांना त्यांच्या बोलीत समजावून सांगते न मग शिक्षिका मराठीत. सरकारच्या निपुण भारत अभियानात म्हणतात लेकरू तिसरीपर्यंत समजून वाचलं पाहिजे, 2026-27 पर्यंतचं उद्दिष्ट आहे. समजून वाचायचं त आधी बाईचं बोलणं समजलं पाहिजे न. मला हे लय आवडलं, न ती पाचवीतली पोरगी आता अशी चालते शाळेत, जशी काही तीच मॅडम.

पोषण आहाराकडे पण मॅडमचं लक्ष आहे. लेकरांना वाढायच्या आधी कोणीतरी चव घेऊन चव रजिस्टरमध्ये सही करायची असते. आमच्याकडे सह्या व्हायच्या, चव कधी कधी. आता रोज एका पालकाला बोलावतात, ज्याची पाळी त्यानं यायचं, जेवण पाहायचं, चाखायचं न मग सही. माझी पाळी होती त्या दिवशी मटकीची उसळ न भात होता, उसळीत मीठ कमी, मी सांगितलं, स्वयंपाकाच्या मावशीनं लगेच टाकलं. मावशीला आधी वाटलं आपल्यावर पाळत ठेवून राहिले. मॅडम तिच्याजवळ चुलीपाशी बसून जेवल्या तेव्हा तिचं मन मोकळं झालं. मावशीला मिळणारं मानधन किती थोडं न धूर किती, हे तिथं दहा मिनिटं बसल्याशिवाय नाही समजत. पालकांनो, पाळी चुकवू नका.

न आता पटाचं. हे मला सगळ्यांना कळकळीनं सांगायचं आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, त्याच्या परिशिष्टात आहे की पहिली ते पाचवीला 150 च्या वर लेकरं असली की पाच शिक्षक न वरून एक हेडमास्तर. आमचा पट दीडशेच्या जरासाच वर आहे. रोज सकाळी गावातून पिवळी गाडी तालुक्याच्या इंग्लिश शाळेत जाते, त्यात गावची पोरं असतात न दरवर्षी दोन-चार वाढतात. ज्यांनी टाकली त्यांच्यावर माझा राग नाही, प्रत्येकाला आपल्या लेकराचं चांगलं पाहिजे. पण इतकंच ध्यानात घ्या की पट दीडशेच्या खाली आला त ही जागाच उडू शकते न चौथीचे सर परत देवळाच्या ओट्यावर रेंज शोधत बसतील. मॅडमला गावात टिकवायचं असेल त हारापेक्षा लेकरांची नावं शाळेत टाकणं जास्त कामाचं. पुढच्या वर्षी पहिलीत जाणारी अंगणवाडीतली लेकरं किती आहेत, ती यादी आम्ही समितीच्या बायांनी आतापासून करायला घेतली.

समितीचंही बोलते. कायद्यानं समितीत पाऊणपट पालक न निम्म्या बाया पाहिजे. आमच्या निम्म्या बाया कागदावर होत्या, मीटिंगला नवरे यायचे न सही घरी जाऊन व्हायची. मॅडमनी पहिल्याच मीटिंगमध्ये एका भाऊंना हात जोडून सांगितलं, "भाऊ, तुम्ही बसा, चहा घ्या, पण सदस्य वहिनी आहेत, त्यांना बोलवा, मी थांबते." थांबल्याही. वहिनी भाकरी थापता थापता हाताचं पीठ तसंच घेऊन आल्या. त्या दिवशी मीटिंग उशिरा संपली, पण पोरींच्या संडासाला कडी नाही हे पहिल्यांदा तिथं बोललं गेलं, कारण ते बोलणाऱ्या बायाच आजवर मीटिंगला नव्हत्या. कडी दुसऱ्याच दिवशी लागली, गावातल्या वेल्डिंगवाल्या भाऊंनी पैसे घेतले नाहीत.

सगळंच चांगलं चाललं आहे असं नाही. पंखे अजून बंद आहेत. कुटार अजून मैदानातच आहे. दारूच्या दुकानाचा विषय ग्रामसभेत ठेवायचा ठरला आहे, तिथं कोण कोण उभं राहते ते दिसेलच. तोवर पोरी ज्या लांबच्या वाटेनं येतात तिथं सकाळी गटातली एक बाई उभी राहते, आम्ही वार वाटून घेतले.

सध्या सगळ्यात तातडीचं आहे ते नाल्याचं. पोडावरच्या लेकरांसाठी नाल्यावर सिमेंटचे पाइप टाकून वर मुरूम भरला त कमीत कमी साध्या पाण्यात तरी लेकरं पार होतील. मोठ्या पुरात कोणीच उतरू नये, त्या दिवशी पोडावरच समाजमंदिरात लेकरांना बसवायचं न इकडून एक शिक्षक आधीच तिकडं जाऊन राहील असं मॅडम म्हणाल्या. मुरूम ग्रामपंचायत देते म्हणाली, ट्रॅक्टर दोघांनी कबूल केला, पाइप कमी पडतात. ज्यांच्याकडे विहिरीच्या नाहीतर शेताच्या कामातून उरलेले पाइप पडून आहेत त्यांनी समितीच्या अध्यक्ष भाऊंना सांगा. रविवारी सकाळी काम आहे, फावडं न घमेलं आपापलं आणजा.